सहावं रॉकेट

१७ नोव्हेंबर २०२४
माळनाका, रत्नागिरी

दादा,

तू माझा नंबर बंद केलायस, म्हणून कागदावर लिहितेय. बेलापूरला तुमच्या कंपनीच्या ऑफिसात फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, पाकीट पाठवा, जहाजावर पुढची माणसं चढतील त्यांच्या हाती देऊ. तुला ते कधी मिळेल, आणि मिळालं तरी तू उघडशील का, दोन्ही ठाऊक नाही. उघडलंस तर निदान तुझ्या लेकीबद्दलचं, पूर्वीबद्दलचं वाच. बाकीचं सोडलंस तरी चालेल.

पूर्वी दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत यायला लागली. तिला पहिल्या बाकावर बसवलंय. उजव्या डोळ्याने उजेड तेवढा कळतो, त्यापुढे काही नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं ते तसंच आहे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस जिन्यात पाय चुकत होता. आता कठड्याला हात लावून उतरते. प्रयोगशाळेत परीक्षानळीत पाणी ओतताना बाहेर सांडलं, तेव्हा मागचा एक मुलगा हसला. तिने नळी पुसली आणि पुन्हा ओतलं. माझ्या तासाला विचारलेल्याचं उत्तर देते आणि बसते. मला ‘बाई’ म्हणते. आधी वर्गातसुद्धा चुकून ‘आत्या’ म्हणायची, आणि सगळा वर्ग हसायचा.

मी इथे गोदूबाईंकडे मागची खोली घेतलीय. चांगल्या आहेत, एकट्या असतात. रोज विचारतात, “काय गो बाय, जेवलीस काय?” शाळेला एसटीने जाते. तू म्हणालास, “मी जहाजावर जायच्या आत घरातून नीघ,” मी निघाले. त्याबद्दल तक्रार नाही. गणपतीला येणार होतास, तो पंधरा दिवस आधी आलास, तेही विमानतळावरून थेट हॉस्पिटलात. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते.

पण तू एक म्हणालास ते मनातून जात नाही. “ग्रहतारे शिकवायचे तर पुस्तकातून शिकव, माझ्या पोरीच्या जिवाशी कशाला खेळलीस?” दादा, मी खेळले नाही रे. पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी आणि सूर्य एका बोटाच्या अंतरावर असतात. मी शाळेच्या फाटकाशी एक नारळ ठेवला, तो सूर्य. पंधरा मीटरवर मोहरीचा दाणा, ती पृथ्वी. गुरू म्हणून खेळायची गोटी. नेपच्यून म्हणून मिरीचा दाणा घेऊन पूर्वी शाळेपुढच्या कातळाच्या सड्यावरून साडेचारशे मीटर चालत गेली, आणि तिथून ओरडली, “आत्या, इथून नारळ दिसतच नाय!” मग वर्गातलं एकेक पोर तिथे जाऊन बघून आलं. गेल्या वर्षी विज्ञानात कुणी नापास झालं नाही.

२३ ऑगस्टला अंतराळ दिन होता. बाटल्यांची सहा रॉकेटं केली होती, पाणी भरायचं, हवा भरायची, दोरी ओढून सोडायचं. दहा पावलांवर फक्कीची पांढरी रेषा मारली होती. रेषेपुढे यायचं नाही, हे मी मुलांना तीनदा सांगितलं होतं. पाच उडाली, सहावं अडकलं, पूर्वी पुढे गेली आणि तेव्हाच ते सुटलं. चौकशीच्या अहवालात आहे तेच.

जेवणखाण वेळेवर कर.

योगिनी


५ जानेवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

आमच्या मराठीच्या बाईंनी परवा मला शिक्षकखोलीत बाजूला घेतलं आणि एक वही हातात दिली. ‘माझे बाबा’ हा निबंध. पूर्वीचं अक्षर आता जरा मोठं झालंय, ओळी वर चढतात. लिहिलंय, “माझे बाबा जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतात. तिथे एकाने नियम मोडला तर सगळ्यांचा जीव जातो. म्हणून बाबांना नियम मोडणारी माणसं आवडत नाहीत. मी एकदा मोडला. बाबा फोनवर म्हणाले, तुला एक रेषा पाळता आली नाही? तेव्हापासून आमचं बोलणं कमी झालं आहे.”

बाई म्हणाल्या, “व्याकरणाची एकही चूक नाही, मी काय शेरा देऊ?”

तिला रागावू नकोस. तेरा वर्षांची आहे. आठवड्यातून एकदा फोन करतोस, त्यात दोन वाक्यं तिच्याशी जास्त बोल. पाहिजे तर सगळा राग माझ्यावर काढ, त्याला मी आहेच.

वहिनीला मी बाजारात भेटले. मासळीवाल्या यमुनाबाईंकडे दोघी एकाच वेळी पोहोचलो. यमुनाबाईंना आमच्यातलं काही माहीत नाही, त्या आपल्या नेहमीसारख्या, “नणंद-भावजय जोडीने आल्या, बांगडा देऊ?” वहिनी काही न घेता निघून गेली. मला मात्र तिथून लगेच निघता आलं नाही. किती वेळ परातीतल्या बर्फाकडे बघत उभी होते.

या पत्रात आणखी लिहायचं होतं. दोनदा लिहून फाडलं. पूर्वी आज्ञाधारक पोर आहे, एवढंच लक्षात ठेव.

योगिनी


९ मार्च २०२५

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीची दोन फेकली असशील तरी हे वाच.

२८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन झाला. म्हणजे भाषणं झाली. प्रयोग, प्रदर्शन सगळं ऑगस्टपासून बंदच आहे. आमचे मुख्याध्यापक पावसकर सर ध्वनिक्षेपकावर म्हणाले, “शिस्त म्हणजे विज्ञान. सूचना पाळा. पूर्वीसारखं करू नका.” त्यांना ‘आधी झालं तसं’ म्हणायचं होतं की पोरीचं नाव घ्यायचं होतं, देव जाणे. सगळं मैदान हसलं. दुसऱ्या दिवसापासून ते शाळेचं वाक्यच झालं. कुणी पाण्याच्या नळाशी रांग मोडली, पूर्वीसारखं करू नको. कुणाचा डबा सांडला, पूर्वीसारखं करू नको. पाचवीतल्या पोरांनासुद्धा पाठ झालंय. प्रयोगशाळेच्या दारावर सूचना लावलीय, तिच्या खाली कुणीतरी पेनाने तेच लिहून एक डोळा काढलाय.

मी तो कागद फाडायला गेले तर पूर्वी तिथेच उभी होती. म्हणाली, “राहू दे बाई. खरंच आहे ते.”

खरं नाही आहे, दादा.

त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले होते, तालुक्याहून आणखी दोन पाहुणे. पाऊस थांबून अर्धा तास झाला होता, कातळ अजून ओला होता. पाच रॉकेटं चांगली उडाली. पाचवं तर वडाच्या शेंड्यावरून गेलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सहावं पूर्वीच्या गटाचं. दोरी ओढली, बाटली धरणारी कडी सरकल्यासारखी वाटली, पण बाटली जागची हलेना. अशा वेळी हवा सोडायची, दहा मिनिटं थांबायचं आणि मग जवळ जायचं. मीच फळ्यावर लिहून दिलं होतं. पण समुद्राकडून पुन्हा पावसाची सर येताना दिसत होती. अध्यक्षांनी छत्री उघडली आणि घड्याळ बघितलं. पावसकर सर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे सगळे उठून गेले की पुढच्या वर्षी दुर्बीण मागायला मला तोंड उरणार नाही. आणि मी हाक मारली, “पूर्वी, बघ गो जरा, कडी अडकलीय का.”

तिने रेषा मोडली नाही. मी बोलावलं म्हणून ती आली.

मी तिलाच का बोलावलं? सगळ्यांत जवळ ऋत्विक उभा होता. त्याला नाही सांगितलं, कारण तो परक्याचा पोर. पूर्वी घरची, म्हणून तिचं नाव तोंडात आलं. ‘घरची’ या शब्दाचा मी हा उपयोग केला.

अजून एक आहे. सिव्हिलमधून मुंबईला नेताना अँब्युलन्समध्ये वहिनी पुढे बसली होती, मी पूर्वीजवळ. हातखंब्याच्या पुढे रस्त्याच्या कामामुळे गाडी अडकली. तेव्हा पावसकर सरांचा फोन आला. “बाई, मुलगी आपणहून रेषा ओलांडून गेली एवढंच लिहा. बाकी मी बघतो. नाहीतर तुमची नोकरी जाईल आणि शाळेचं नाव जाईल.” फोन ठेवला आणि पट्टी बांधलेल्या त्या पोरीला मी म्हटलं, “पूर्वी, कुणी विचारलं तर तू आपणहून पुढे गेलीस असं सांगशील? नाहीतर आपलं सगळं बंद करतील. रॉकेट, सड्यावरचे ग्रह, सगळं.” तिने विचारलं, “बाबांना पण?” मी म्हटलं, “बाबांना पण.”

तिने मान हलवली. आणि तुला, वहिनीला, चौकशीला आलेल्यांना, सगळ्यांना तेच सांगितलं. एकदाही अडखळली नाही. एवढं करूनही सगळं बंद झालंच. उरलं फक्त तिचं मान हलवणं.

‘तुला एक रेषा पाळता आली नाही?’ हे तू तिला म्हणालास. ती ‘आत्याने बोलावलं’ असं म्हणू शकली असती. ती गप्प बसली, कारण मला शब्द दिला होता.

उद्या मी संस्थेला लेखी देणार आहे.

योगिनी


१६ मार्च २०२५

दादा,

सोमवारी दिलं. पावसकर सरांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, “सहा महिन्यांनी आठवलं तुम्हाला?” मी म्हटलं, “आठवायला मी विसरले कधी होते, सर?” ते म्हणाले, “मी सांगितलं ते लिहायलाच हवं होतं?” त्यांच्या फोनचं लिहिलंय, पण सही माझी होती, हेही लिहिलंय.

बुधवारी संध्याकाळी वहिनी इथे आली. सोबत पूर्वी. गोदूबाईंनी खुर्ची दिली, वहिनी बसली नाही. म्हणाली, “योगिनी, मी तिला मारलंय. डिस्चार्ज मिळून घरी आल्यावर, गणपतीच्या आदल्या दिवशी, हे बाजारात गेले असताना. कशाला गेलीस पुढे म्हणून, एका डोळ्याच्या पोरीला मी मारलंय. तू स्वयंपाकघरात मोदकाचं सारण ढवळत होतीस. तुला ऐकू आलं होतं.”

हो दादा, आलं होतं. मी गॅस बारीक केला होता, तेवढंच. तेही तुला कधी सांगितलं नाही.

वहिनी मग बाहेर पायरीवर जाऊन बसली. मला वाटलं, पूर्वी आता माझ्या गळ्यात पडेल. कशाच्या जोरावर वाटलं कोण जाणे. ती दारातच उभी राहिली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ‘आत्या’ म्हणाली.

“आत्या, तू मला विचारलं पण नाहीस.”

“काय विचारायचं बाळ?”

“खोटं बोल म्हणताना नाही विचारलंस. आता खरं सांगताना पण नाही. मी शब्द पाळत होते. आता शाळेत सगळी म्हणतात, पूर्वी खोटारडी. आई रडते. बाबांना मी काय सांगू?”

मी म्हटलं, “चुकले.” ती म्हणाली, “ते माहिताय.” आणि आईजवळ पायरीवर जाऊन बसली. गोदूबाईंनी दोघींना चहा नेऊन दिला. तो त्या प्यायल्या.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान तिच्या अंगावरचं ओझं उतरेल. ते माझ्या अंगावरून उतरलं. तिच्या अंगावर आणखी एक चढलं.

योगिनी


२७ एप्रिल २०२५

दादा,

थोडक्यात लिहिते. संस्थेने मला निलंबित केलंय, नव्याने चौकशी होईल. योग्य आहे. पावसकर सरांचं काय होणार ते कळलं नाही.

तू बोलत नाहीस ते समजू शकते. माझ्यासाठी मागत नाहीये. पण तू पूर्वीशीही बोलत नाहीस, असं वहिनी गोदूबाईंना म्हणाली. फोन करतोस आणि तिचं नाव निघालं की ‘बरी आहे ना’ म्हणून विषय बदलतोस. तुला लाज वाटत असेल. लाज वाटली की माणूस रागावल्यासारखं वागतो, हे मला आता माझ्यावरून कळतं. पण तिला ते कसं कळावं? तिला वाटतं, बाबा अजून रागावलेत, फक्त आता खोटं बोलल्याबद्दल.

ती वाट बघते, दादा.

योगिनी


२९ जून २०२५

दादा,

या महिन्यात बरंच काही झालं. क्रमाने लिहिते.

शाळा सुरू झाली तशी वर्गात एकच चर्चा होती, आपल्या देशाचा माणूस अवकाश स्थानकात जाणार. उड्डाण आज होणार, उद्या होणार, सारखं पुढे ढकललं जात होतं. कधी हवा वाईट, कधी कुठे गळती. पूर्वी आता नववीत आहे. तिने मराठीच्या बाईंना विचारलं, “बाई, एवढं पुढे ढकलतात तर कुणी ओरडत नाय त्यांना?” बाई म्हणाल्या, “मला यातलं कळत नाही गो, तूच शोध आणि वर्गाला सांग.”

आणि मागच्या रविवारी, २२ तारखेला, पूर्वी एकटी माझ्याकडे आली. वहिनीला सांगून आली होती. हातात दोनशे पानी वही. खुर्चीवर बसली, वही उघडली, आणि म्हणाली, “आत्या, रॉकेट पडलं की शास्त्रज्ञ सगळं पहिल्यापासून लिहून काढतात. कोण कुठे होतं, किती वाजता काय झालं. मला आपलं लिहायचंय. खरं सांगशील?”

मी म्हटलं, “सांगेन.”

पाणी किती होतं? बाटली किती वेळा वापरली होती? कडी कुणी बसवली? माझ्या उजव्या बाजूला कोण होतं? एकेक विचारत होती, वहीवर मान तिरकी करून डाव्या डोळ्याने लिहीत होती. बाटली चौथ्यांदा वापरत होतो, हे मी संस्थेलाही सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

“मी वाकले तेव्हा तू पंप मारत होतीस?”

दादा, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला मार्चमध्ये सगळं लिहिलं असं मी समजत होते, त्यातही नाही. संस्थेच्या कागदात नाही. पंप माझ्या हातात होता. पूर्वी कडीपाशी बसली, मला वाटलं हवा कमी पडली असेल, आणि मी दट्ट्या खाली दाबला. दोनदा. ती तिथे वाकलेली असताना.

मी म्हटलं, “हो. दोनदा.”

“माहिताय,” ती म्हणाली. “मला आवाज आला होता.”

दहा महिने तिला माहीत होतं. अँब्युलन्समध्ये मी तिच्याकडे शब्द मागितला तेव्हाही माहीत होतं. मी विचारलं, “मग बोलली का नाहीस गो?” ती म्हणाली, “तू सांगतेस का बघत होते.”

तिने पेन उचलून तेही लिहिलं, आणि वही माझ्यापुढे सरकवली. “सही कर.” मी केली. जाताना तिने गोदूबाईंकडून पाणी मागून घेतलं, दारात चपला घातल्या, आणि म्हणाली, “येते.” माझ्याकडे बघून म्हणाली की गोदूबाईंकडे, ते सांगता येणार नाही.

बुधवारी दुपारी बारा वाजता उड्डाण झालं. शाळेत पडद्यावर दाखवलं. मी तिथे नव्हते, मराठीच्या बाईंनी सांगितलं ते लिहिते. रॉकेट वर गेलं, पोरांनी बाकं बडवली. टाळ्या संपल्यावर बाईंनी आपला तास पूर्वीला दिला. पावसकर सरांनी नको म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, तास माझा आहे.

पूर्वीने फळ्यावर सडा काढला, फक्कीची रेषा काढली, सहा रॉकेटं काढली. वही बघून वाचलं, पाण्यापासून पंपापर्यंत सगळं, माझ्या नावासकट. शेवटी सानिका म्हणून तिच्याच गटातली मुलगी आहे, तिने विचारलं, “म्हणजे चुकलं कोण?”

पूर्वी म्हणाली, “आत्या चुकली. नंतर मी खोटं बोलले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या ओळींत लिहायच्या.” मग तिने खरंच फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. तिसरी ओळ लिहिली, “अडकलेल्या रॉकेटजवळ कुणीही जायचं नाही. कुणीही बोलावलं तरी.” आणि वर्गाला म्हणाली, “उतरवून घ्या.”

सगळ्यांनी उतरवून घेतलं. ऋत्विकने सुद्धा. प्रयोगशाळेच्या दारावरचा कागद दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता. कुणी काढला ते कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी वहिनीचा मला फोन आला. घर सोडल्यापासून पहिलाच. म्हणाली, ह्यांचा फोन आला होता, बंदरात आहेत, पूर्वीशी चाळीस मिनिटं बोलले. मी विचारलं, काय बोलले? वहिनी म्हणाली, “ती दार लावून बोलत होती. बाहेर आली तेव्हा रडलेली होती, पण जेवली नीट.” मग म्हणाली, “तुझ्याबद्दल काही नाही म्हणाले.”

चालेल, दादा. मला तेवढं पुरतं, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. पुरत नाही. पण आज मागायचा हक्क नाही.

पंपाचं संस्थेला काल लेखी देऊन आले. नोकरी राहणार नाही बहुतेक. तू इंजिनरूमचा माणूस आहेस, दाबाखालच्या वस्तूपाशी माणूस असताना मी काय केलं ते तुला माझ्यापेक्षा नीट कळेल. तुला पूर्वीकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं असं वाटत होतं. आता बहुधा तिनेच सांगितलं असेल. तिच्या वहीत सगळं आहे. तू उतरलास की माझ्याशी बोलायच्या आधी ती वही वाच. तिच्यात मी सांगितलेलंच आहे, पण अक्षर तिचं आहे.

योगिनी